धंदा बुडाला म्हणजे काय बुडाले?



आमच्या मस्जिदीत जुम्याच्या नमाजला एक तरुण नियमाने दुसऱ्या सफमध्ये, उजवीकडच्या खांबाला लागून बसत असे. अक्कलकोट रस्त्याकडे भाड्याच्या शेडमध्ये त्याने चार जुने यंत्रमाग घेऊन टॉवेल विणायला सुरुवात केली होती. घाईने वजू करून यायचा, तरी भुवयांवर सुताची पांढरी पूड राहिलेली असायची. एके शुक्रवारी तो दिसला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. दोन महिने उलटल्यावर मी चौकशी केली, तेव्हा कळले की माग बंद आहेत, शेडला कुलूप आहे आणि बरीच देणी थकली आहेत.

मी त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या अम्मींनी उघडले. ‘मौलाना, तो घरी नाही. बाहेरगावी गेलाय,’ त्या म्हणाल्या. त्याच्या चपला उंबऱ्याशीच पडलेल्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या, मीही पाहिल्या. दोघेही काही बोललो नाही. मी सलाम करून परत फिरलो.

जिने जाणतेपणापासून एकही नमाज जाणूनबुजून सोडली नसेल अशा वृद्ध स्त्रीला इमामासमोर खोटे बोलावे लागले. त्या खोट्यात माझाही वाटा होता, हे मला रस्त्यातच उमगले. काही आठवड्यांपूर्वी जुम्याच्या बयानात मी म्हटले होते की, ज्याच्या धंद्यात बरकत राहिली नाही त्याने स्वतःकडे पाहावे. कुठेतरी हराम शिरले असेल, कुणाचा तरी हक्क मारला गेला असेल. वाक्य ठसकेबाज होते. पुढच्या सफमधल्या अनेकांनी माना डोलावल्या. ज्यांचे धंदे चालू होते ते डोलले. आणि ज्याचा बंद पडत आला होता त्याने ते वाक्य निकालपत्रासारखे ऐकले.

हा लेख म्हणजे त्या बयानाची दुरुस्ती आहे. मिंबरवरून ती मी केलीच. पण ज्या घरांत असाच एखादा तरुण आतल्या खोलीत बसून आहे त्या घरांपर्यंतही ती पोहोचावी, एवढीच इच्छा.

प्रश्न सरळ आहे. एखाद्याचा धंदा बुडाला, तर तो अल्लाहच्या नाराजीचा पुरावा मानावा काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-फज्रमध्ये माणसाच्या एका जुन्या सवयीचे वर्णन आले आहे. पालनकर्त्याने सुखसमृद्धी देऊन पारखले की माणूस समजतो, माझ्या रबने माझा सन्मान केला. आणि उपजीविका आखडून पारखले की समजतो, माझ्या रबने मला अपमानित केले. लगेच पुढच्या शब्दात या दोन्ही समजुती खोडून काढल्या आहेत. संपत्तीची वाढ ही सन्मानाची सनद नव्हे आणि तिची घट ही मानहानीची खूण नव्हे. दोन्ही परीक्षाच आहेत. सूरह अल-बकराच्या १५५ व्या आयतीत तर श्रद्धावंतांच्या वाट्याला येणाऱ्या परीक्षांची नावेच दिली आहेत. भय, भूक, संपत्तीतली तूट, जीवितहानी आणि फळांचे नुकसान. संपत्तीतली तूट त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. मदरशात या आयती मी अर्थासह पाठ केल्या, पुढे मुलांना शिकवल्या. आणि तरीही बयानात नेमके तेच बोललो, जे अल-फज्रने खोडले आहे. पाठांतर आणि समज यांत किती अंतर असते ते मला त्या उंबऱ्यावर कळले.

कुणी म्हणेल, सूरह अल-कलममध्ये बागवाल्यांची हकिगत आहे ना? गरिबांना काही द्यावे लागू नये म्हणून भल्या पहाटे गुपचूप फळे तोडायला निघालेले ते लोक. पोहोचले तेव्हा बाग उजाड झालेली होती. तो तोटा शिक्षाच होता. खरे आहे. पण ती हकिगत पुन्हा वाचा आणि दोष कोण कुणाला देतो ते पाहा. आम्हीच मर्यादा सोडली होती असे ते बागवाले स्वतः म्हणतात. आणि आपला रब याहून चांगली बाग देईल अशी आशाही तेच व्यक्त करतात. शेजारी उभे राहून ‘बघा, नियत खोटी होती म्हणून बाग गेली’ असे म्हणणारे पात्र त्या हकिगतीत नाही. आत्मपरीक्षण ज्याचे त्याने करायचे असते. दुसऱ्याच्या तोट्यातून त्याचे पाप शोधून काढण्याचे काम आपल्याकडे सोपवलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूचा एक आवाज. आपली मुले मोबाइलवर रोज ऐकतात की अपयश ही यशाची पायरी आहे. पडा, उठा, पुन्हा पडा, अपयशाचा उत्सव करा. यात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते गोड लागते. पण असे बोलणारे सहसा हे सांगत नाहीत की बुडालेले पैसे कुणाचे होते. आमच्या त्या तरुणाच्या धंद्यात सूत व्यापाऱ्याचे उधारीवर दिलेले सूत होते, रंगाऱ्याची मजुरी होती, माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे बिल होते आणि थोरल्या बहिणीच्या बांगड्या होत्या. बहिणीच्या बांगड्या गेल्या त्याचा उत्सव कसा करायचा? अपयश स्वीकारणे म्हणजे ते हसून उडवणे नव्हे. स्वीकारणे म्हणजे ते आपले आहे असे म्हणून हातात घेणे, मोजणे आणि ज्यांचे त्यात काही गेले त्यांच्यासमोर ठेवणे.

इथे आपल्या मराठीतला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. दिवाळे. त्यामागची जुनी रीत अशी सांगतात की धंदा बुडालेला व्यापारी भर दिवसा आपल्या पेढीत दिवा लावून ठेवत असे. सूर्यप्रकाशात जळणारा दिवा पाहिला की बाजार समजून जाई. आज आपण ‘दिवाळखोर’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, पण त्या दिव्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता. तो माणूस पळून गेला नव्हता. माझ्याकडे आता काही उरले नाही, या आणि पाहा, असे तो सांगत होता. अरबीतला ‘मुफलिस’ हा शब्दही बाजारातूनच आला आहे. ज्याच्याकडे दिनार-दिरहम उरले नाहीत, फक्त ‘फुलूस’ म्हणजे तांब्याची नाणी उरली, तो मुफलिस.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा सहाबांना विचारले होते की मुफलिस कोण? त्यांनी बाजाराचा अर्थ सांगितला. ज्याच्याकडे ना पैसा, ना सामान तो. त्यावर प्रेषितांनी (स.) जे समजावले ते ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंदलेले आहे. त्याचा आशय असा की, खरा मुफलिस तो, जो अंतिम निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकातचे भांडवल घेऊन येईल; पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, आणि त्याची सत्कर्मे एकेक करून त्या देणेकऱ्यांना वाटून टाकली जातील. ही हदीस आपण अनेकदा ऐकतो, पण धंदा बुडालेल्या माणसाच्या संदर्भात ती क्वचितच सांगितली जाते. यंत्रमाग विकावे लागले म्हणून कुणी मुफलिस ठरत नाही. त्याची निंदा चहाच्या टपरीवर बसून करणारा मात्र आपल्या नमाजा हळूहळू त्याच्या खात्यात जमा करत असतो.

प्रेषितांच्या (स.) काळातच एका माणसाचा धंदा बुडाल्याची नोंद आहे. हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या कथनानुसार एकाने फळे खरेदी केली, त्यांच्यावर आपत्ती आली आणि त्याचे कर्ज फार वाढले. सांगोल्याकडे उभी डाळिंबाची बाग विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही; तेल्या रोगाचे डाग फळावर दिसले की त्याचे सारे गणित त्या डागात विरून जाते. तर प्रेषितांनी (स.) लोकांना त्या माणसाला सदका देण्यास सांगितले. लोकांनी दिले, पण कर्ज फिटेल इतके जमले नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याच्या देणेकऱ्यांना सांगितले की जे मिळते आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला मिळणार नाही.

या घटनेत काय नाही, ते पाहण्यासारखे आहे. ‘तू इतकी जोखीम का घेतलीस’ असा प्रश्न तिथे नाही. त्याच्या नियतीची चौकशी नाही. बरकतीवर बयान नाही. आधी समाजाने हात पुढे केला, मग जे आहे ते देणेकऱ्यांना मिळाले, आणि मग त्या माणसावरचा तगादा थांबवण्यात आला. सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीत हाच नियम आहे. ऋणको अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत द्यावी. आणि माफच करून टाकले तर ते देणाऱ्यासाठी अधिक चांगले. धर्मशास्त्रज्ञ यातला फरक सांगतात. खरोखर अडलेल्याला मुदत देणे बंधनकारक, माफ करणे ऐच्छिक पुण्य. आणि त्याच वेळी ऐपत असूनही टाळाटाळ करणाऱ्याला हदीसमध्ये अन्यायी म्हटले आहे. म्हणजे सवलत अडलेल्यासाठी आहे, लपलेल्यासाठी नाही. म्हणूनच दिवा लावावा लागतो.

इथेच आमचा तरुण घसरला होता. पुढे त्याने मला सगळे सांगितले, आणि त्याच्याच परवानगीने, नाव न घेता, लिहितो आहे. सूत महाग असताना त्याने उधारीवर घेतले. सुताची उधारी महिन्याची. माल घेणारा बाहेरगावचा व्यापारी पैसे देणार तीन महिन्यांनी. मधले दोन महिने कुणाच्या भांडवलावर काढायचे, याचे उत्तर त्याच्याकडे सुरुवातीपासूनच नव्हते. एका खेपेचा रंग धुण्यात उतरला आणि माल परत आला. इथवर जे घडले त्याला तोटा म्हणतात. पुढे जे घडले ते वेगळे होते. सूतवाल्याला तो म्हणाला, पैसे निघाले आहेत, सोमवारी येतील. रंगाऱ्याला म्हणाला, सूतवाल्याने अडवले आहे. बहिणीला म्हणाला, बांगड्या सुरक्षित आहेत. एकाचे देण्यासाठी दुसऱ्याकडून घेतले. घरी फोन वाजला की मुलाला उचलायला लावू लागला.

प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. कुणी तरी विचारले, इतक्या वेळा कर्जापासूनच का? उत्तराचा आशय असा होता की, माणूस कर्जात सापडला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. बुखारी शरीफमधली ही हदीस मला व्यापाराच्या कोणत्याही आधुनिक पुस्तकापेक्षा माणसाच्या मनाची अधिक जाणकार वाटते. पैशाचे नुकसान सांगून ती थांबत नाही. कर्ज जिभेला काय करते ते सांगते. तोटा तकदीरचा भाग असतो आणि त्यावर सब्र आहे. खोटे आपल्या हातचे असते आणि त्यावर तौबा आहे. ही दोन खाती वेगळी ठेवता आली तर माणूस वाचतो. आमच्या तरुणाने ती एकत्र केली. आपण मुळापासूनच गुन्हेगार आहोत असे त्याला वाटू लागले, आणि गुन्हेगारच आहोत तर आणखी एका खोट्याने काय बिघडते, असेही वाटू लागले. त्या घसरणीत माझ्या बयानाने एक धक्का दिला, एवढेच.

त्याच्या देणेकऱ्यांमध्ये त्याचे मामूही होते. त्यांनी काही रक्कम ‘धंद्यात’ गुंतवली होती आणि दर महिन्याला ठरलेला ‘नफा’ घेत होते. माल विकला तरी तेवढाच, परत आला तरी तेवढाच. आपल्या मोहल्ल्यांत ही पद्धत किती पसरली आहे हे वाचकांना मी सांगायला नको. नाव नफ्याचे, चाल व्याजाची. इस्लामी शास्त्रातल्या मुदारबाचा नियम अगदी उलट आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा ठरलेल्या प्रमाणात दोघांचा. आणि श्रम करणाऱ्याची हयगय किंवा लबाडी नसेल तर भांडवलातला तोटा भांडवलवाल्याचा. श्रम करणाऱ्याचे श्रम बुडाले, तो त्याचा तोटा. हजरत खदीजा (रजि.) यांच्या भांडवलावर प्रेषित मुहम्मद (स.) शामकडे व्यापारास गेले होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण घरातल्या मुलाला भांडवल देताना मात्र नफ्यात भागीदार आणि तोट्यात सावकार होतो.

हा नुसता फिकहचा बारकावा नाही. आपल्या सोलापूरच्याच इतिहासात पाहा. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच शहरातल्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या पेढीवर बसण्यात त्यांना रस वाटला नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून ते रेल्वेची कंत्राटे घेऊ लागले. पुढे १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया ही जहाज कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जुने जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आजही देशात सागरी दिन म्हणून पाळला जातो. पण ते जहाज कंपनीला किफायतशीर ठरले नाही. चार वर्षांत ते मोडीत निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नवख्या कंपनीला जेरीस आणले. तरी कंपनी टिकली, आणि वालचंदांनी पुढे विमानांचा, जहाजबांधणीचा, मोटारींचा कारखाना काढला.

ही गोष्ट शाळांमधून जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘लॉयल्टी’चा तोटा एका घरावर कोसळला नाही. भागीदार होते, भागधारक होते. तोटा वाटला गेला, म्हणून दुसरे जहाज घेता आले. आमच्या तरुणाचा तोटा कितीतरी लहान, पण तो सगळा त्याच्या एकट्याच्या छातीवर पडला. ज्या समाजात तोटा वाटून घेणारे नसतात, तिथे पहिलेच अपयश शेवटचे ठरते. मग त्या समाजाने आपल्या मुलांत उद्योजक का निपजत नाहीत असे विचारू नये.

गंमत अशी की त्या नरोत्तम मोरारजींचे वडील मोरारजी गोकुळदास यांनीच १८७० च्या दशकात सोलापूरला पहिली कापड गिरणी आणली, जिला आपण जुनी मिल म्हणतो. तीही १९४९ मध्ये बंद पडली, आणि १९५० मध्ये केंद्र सरकारने खास अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणजे एवढ्या मोठ्या गिरणीचा भोंगा थांबू शकतो, तर चार मागांची शेड बंद पडणे काही जगावेगळे नव्हे. सूरह आलि इमरानमध्ये म्हटले आहे त्याप्रमाणे दिवस लोकांमध्ये आळीपाळीने फिरवले जातात.

ही आयत उहुदच्या संदर्भातली आहे, आणि अपयशाविषयी काही शिकायचे असेल तर मला उहुदइतका मोठा धडा दुसरा माहीत नाही. टेकडीवरच्या तिरंदाजांनी जागा सोडली, विजय हातचा गेला, सत्तर साथीदार शहीद झाले, खुद्द प्रेषित (स.) जखमी झाले. कुरआनने ही चूक झाकली नाही. हे कुठून आले असे लोक विचारू लागले, तेव्हा ते तुमच्याकडूनच आले असे स्पष्ट सांगितले. म्हणजे चुकीचा हिशेब झाला. ‘असे केले असते तर तसे झाले असते’ असे म्हणू नका, ही हदीस प्रसिद्ध आहे. पण तिच्या आधारे काही जण हिशेबच टाळतात. त्याच हदीसमध्ये आधी आपल्या हिताच्या गोष्टीसाठी झटण्याची आणि हतबल न होण्याची आज्ञा आहे, याकडे त्यांचे लक्ष जात नाही. हळहळीत बुडणे निषिद्ध आहे, वही उघडणे नव्हे.

मात्र हिशेबानंतर जे घडले ते त्याहून मोठे आहे. त्याच सूरहमध्ये, १५९ व्या आयतीत, प्रेषितांना (स.) सांगितले गेले की या लोकांना क्षमा करा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करा आणि कारभारात त्यांचा सल्ला घेत राहा. ज्यांच्या हातून चूक झाली, त्यांनाच पुन्हा सल्लामसलतीत बसवा. आपल्याकडे काय होते? ज्याचा धंदा बुडाला त्याला लग्नाच्या बोलणीत कुणी विचारत नाही, मस्जिदीच्या बैठकीत तो बोलू लागला की दुसरा विषय निघतो, भाऊबंद जमिनीची बोलणी त्याच्या पाठीमागे करतात. पैसा गेला, त्याबरोबर त्याची अक्कलही गेली असे धरून चालतो. वास्तविक त्या शेडच्या आत काय चुकले हे सगळ्यांत चांगले त्यालाच ठाऊक असते.

बुखारी शरीफमध्ये मस्जिदीतलाच एक प्रसंग आहे. हजरत कअब बिन मालिक (रजि.) एका साथीदाराकडे आपले येणे मागत होते. आवाज चढले. प्रेषितांनी (स.) आपल्या हुजऱ्याचा पडदा बाजूला करून कअब यांना हाक मारली आणि हाताने खूण केली की निम्मे सोडून दे. त्यांनी मान्य केले. मग दुसऱ्याला सांगितले की ऊठ, उरलेले चुकते कर. एकाला सूट देण्याची खूण, दुसऱ्याला उठण्याची आज्ञा. आम्हा इमामांना पगार, चंदा आणि चांद दिसण्याच्या वादातून सवड मिळाली तर हेही आमचेच काम आहे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यात कर्जात बुडालेला ‘गारिम’ आहे, हे सूरह अत-तौबाच्या ६० व्या आयतीत आहे. मात्र दर रमजानला जकात वाटताना मोहल्ल्यातल्या गारिमांची यादी मी कधी केली नव्हती. मदरशाची पावती-पुस्तके मात्र वेळेवर छापून येत.

दुसऱ्यांदा मी त्याच्या घरी गेलो तो चिठ्ठी घेऊन. माझ्या बयानातले वाक्य चुकीचे होते आणि मी ते मागे घेतले आहे, एवढेच तिच्यात लिहिले होते. तो बाहेर आला. त्या रात्री आम्ही दोघांनी एका शाळकरी वहीत नावे लिहिली. सात निघाली. त्याला स्वतःलाही आकडा पाहिल्यावर थोडे हलके वाटले. मनातला आकडा वहीतल्यापेक्षा मोठा झाला होता.

एका इशानंतर मस्जिदीत सातांपैकी पाच जण आले. आधी त्याने कुणाला काय खोटे सांगितले ते एकेकाला सांगितले. हे फार अवघड गेले. मी मान खाली घालून बसलो होतो. चारही माग विकायचे ठरले. त्यातून रंगारी आणि मिस्त्री यांचे पूर्ण फिटले. जकातीच्या रकमेतून एका शेजाऱ्याचे हातउसने दिले गेले. तो स्वतः हातावर पोट असलेला होता. सूत व्यापाऱ्याने दोन वर्षांची मुदत दिली आणि काही रक्कम सोडली. मामूंना मी सांगितले की आजवर घेतलेला ठरीव ‘नफा’ मूळ रकमेतून वजा धरावा लागेल. ते उठून गेले. अजूनही मला सलाम करत नाहीत, आणि त्यांचा राग मला कळतो; निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ती रक्कम दिली होती. बहिणीच्या बांगड्यांचे काय होणार हे मला माहीत नाही. ती काही बोललीच नाही.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्का सोडून मदीनेस आले तेव्हा मागची मालमत्ता मागेच राहिली होती. अन्सारी भाऊ सअद बिन रबीअ (रजि.) यांनी अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. बनू कैनुकाच्या बाजारात त्यांनी पनीर आणि तुपापासून सुरुवात केली. मक्केत व्यापार करणाऱ्या माणसाला तूप विकताना लाज वाटली नाही. ही गोष्ट मी त्या तरुणाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, ‘मौलाना, त्यांना अर्धे देणारा भाऊ होता.’ मी गप्प राहिलो. बरोबर बोलला होता तो. ही हकिगत आपण नेहमी अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या स्वाभिमानाची म्हणून सांगतो, आणि सअद (रजि.) यांना विसरतो. मदत नाकारण्याचा मान त्यालाच मिळतो, ज्याच्यापुढे कुणी तरी मदत ठेवलेली असते.

आता तो दुसऱ्याच्या शेडमध्ये रात्रपाळीला माग चालवतो. वहीतल्या तीन नावांवर रेघ पडली आहे. पुन्हा स्वतःचे माग घ्यावेत का, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, मनाई मला तरी कुठे सापडत नाही; आधी नावे कमी कर, आणि पुढच्या वेळी ज्याचे भांडवल घेशील त्याच्याशी तोट्याचे बोलणे पहिल्या दिवशीच कर, कागदावर. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत देण्या-घेण्याचे लिहून ठेवण्याविषयी आहे, ती उगाच नाही. दरम्यान, तोच सूत व्यापारी हल्ली नव्या गिऱ्हाइकाला उधार देण्याआधी याला बोलावून घेतो आणि विचारतो, ‘याच्या शेडमध्ये जाऊन आलास का? कसे वाटते?’

परवा असरनंतर काही कामासाठी त्याच्याकडे गेलो होतो. दार अम्मींनीच उघडले. ‘घरीच आहे, मौलाना,’ त्या म्हणाल्या. ‘रात्रपाळी होती, झोपलाय. उठवू का?’

मी म्हटले, नको, झोपू द्या.